राष्ट्राध्यक्षाच्या नावाचा मुलगा

माझ्या भावाचं नाव हमादी. त्याच्या मुलाला, बिरानला, पहिला मुलगा झाला की त्याचं नाव हमादीच ठेवायचं, यात विचारण्यासारखं काय होतं? आम्हा फुतावाल्यांत, म्हणजे उत्तरेकडच्या फुता भागातून आलेल्यांत, पहिला नातू आजोबांचं नाव घेऊनच येतो. बिरानच्या बायकोला, जेनाबाला, दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून मी तिला 'हमादीची आई' म्हणत होते. ती लाजायची. पोटात मुलगी असली तर माझं नाव, कुंबा, असंही मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. आत्याचा तेवढा हक्क असतोच.

बाळ झालं ते निवडणुकीच्या निकालाच्या दुसऱ्याच दिवशी. सगळं थिएस शहर रस्त्यावर होतं. मोटारींचे भोंगे, ताशे, गल्लीतल्या पोरी बादल्या वाजवत होत्या. नवा राष्ट्राध्यक्ष तरुण होता, वागान नावाचा, आणि आमच्या पोरांनी त्याला अक्षरशः खांद्यावरून तिथे नेऊन बसवलं होतं. बिराननं त्याच्यासाठी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या होत्या, अश्रुधुरानं डोळे सुजवून घेतले होते. मतदानाच्या दिवशी त्यानं आपल्या जकार्तावरून, आमच्या थिएसमध्ये भाड्याच्या मोटारसायकलीला जकार्ता म्हणतात, गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना फुकट केंद्रावर नेऊन सोडलं. मलाही नेलं. वाटेत तो मला कुणाला मत द्यायचं ते इतकं समजावत होता की दोनदा आम्ही बकऱ्यांच्या कळपात घुसलो.

आठव्या दिवशी बारसं झालं. अंगणात चटया पसरल्या, बोकड कापला, मी पहाटेपासून बाजरीची लापशी शिजवून त्यावर माझ्या हातचं दही ओतलं. मी बाजारात दही विकते, त्यामुळे माझ्या दह्याला नावं ठेवायची कुणाची टाप नाही. बाळ माझ्या मांडीवर होतं. जावळ काढून झाल्यावर इमामसाहेब वाकले, बाळाच्या कानात नाव कुजबुजले आणि मग ते भाटाला सांगितलं. आमच्याकडे कानात सांगितलेलं नाव भाट जोरात पुकारतो, तेव्हाच ते सगळ्यांना कळतं.

भाटानं छाती भरून घेतली आणि ओरडला, "वागान! या घरात वागान आला!"

मांडीवर बाळ नसतं तर मी उभीच राहिले असते. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. पहिला जागा झाला तो आमचा शेजारी लातिर. लातिर शिंपी आहे आणि जातीनं सेरेर. सेरेर आणि आम्ही फुतावाले म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे चेष्टेचे सोयरे. त्यानं मला गुलाम म्हणावं, मी त्याला गुलाम म्हणावं, त्यानं माझ्या ताटातला मांसाचा तुकडा पळवावा, मी त्याच्या शिवणीला कोंबडीनं उकरलेली म्हणावं. कुणी रागवायचं नाही. जो रागावला तो चुकला, हा आमचा कायदा, आणि तो सगळ्या कोर्टांहून जुना आहे. आणि वागान हे नाव तर अस्सल सेरेर. लातिरनं दोन्ही हात वर करून अख्ख्या अंगणाला सांगितलं की इतक्या पिढ्यांनी का होईना, आमच्या गुलामांना अक्कल आली आणि त्यांनी मालकाचं नाव घेतलं. सगळे हसले, इमामसाहेबसुद्धा.

मी हमादीकडे बघितलं. त्यानं 'आमीन' म्हटलं, लापशीचा वाडगा पुढे ओढला आणि सावकाश खाल्ला. आम्ही दोघांनी एकाच आईच्या हातचा मार खाल्लाय. भूक नसताना तो असा सावकाश खातो, हे मला माहीत आहे.

स्वयंपाकघरामागे मी बिरानला गाठलं. त्याची आई गेल्यापासून तो माझ्या हातचं खाऊन वाढलाय, त्यामुळे त्याचा कान धरायला मला कुणाची परवानगी लागत नाही. घोषणा देऊन त्याचा घसा पार बसला होता. त्या बसलेल्या आवाजातच तो म्हणाला, "आत्या, बाबांचं नाव कुठे पळून जातंय का? पुढचा मुलगा हमादी. पण असा आठवडा परत यायचा नाही गं."

आणि तो हसला. त्याला भूगोलाची पदवी मिळाली तेव्हा तो असा हसला नव्हता, लग्नात तर नाहीच. मी त्याचा कान सोडून दिला.

ज्याचं नाव ठेवतात तो आमच्याकडे बाळाचा जवळचा माणूस होतो. बाळाला त्यानं काहीतरी पाठवायचं असतं, कापड, साखर, निदान दुआ तरी. पक्षाच्या गल्लीतल्या पुढाऱ्यानं बिरानला शब्द दिला की मी वर कळवतो. वर म्हणजे कुठे, ते त्यालाही माहीत नसणार. राजधानीतून, डाकारहून, कुणी यायचं नव्हतंच, ते बिरानलाही कळत होतं. तरी काही महिने गल्लीत मोठी गाडी शिरली की त्याची मान आपोआप वर व्हायची.

लसीच्या वेळी जेनाबा बाळाला दवाखान्यात घेऊन गेली. नर्सनं 'वागान' म्हणून पुकारा केला आणि अर्धं बाकडं उठून उभं राहिलं. सगळ्यांच्या कडेवर वागान. नर्सनं कपाळावर हात मारून घेतला. जेनाबानं घरी येऊन नक्कल करून दाखवली तेव्हा आम्ही पोट धरून हसलो, आणि बिरान म्हणाला, "बघ ना, हे सगळे मोठे झाले की एकाच वर्गात येणार." त्याला त्यातही अभिमानच वाटत होता.

आमच्याकडे असं मानतात की ज्याचं नाव त्याचे गुण बाळात उतरतात. झालं, गल्लीनं पोरावर नजर ठेवायला सुरुवात केली. पोरगं चालायला उशीर करायला लागलं तर लातिर म्हणायचा, "तयारी चाललीय त्याची. घाई कसली, पाच वर्षं आहेत." पेट्रोल जरा उतरलं त्या दिवशी भजीवालीनं त्याला बिस्किट दिलं. समोरच्या घरातल्या विधवा राकीचं विजेचं बिल वाढून आलं, तर ती ते बिल घेऊन तरातरा आमच्या अंगणात आली आणि पोराचा गालगुच्चा घेऊन म्हणाली, "काय रे लबाडा, मला अंधारात बसवतोस?" पोरगं आपले नवे दात दाखवून हसलं. राकी बिल विसरून त्याला उचलून फिरवत बसली. अख्ख्या देशात तक्रार ऐकून असा हसणारा तेवढा एकच सरकारी माणूस असेल.

बिरानलाही तेव्हा गंमत वाटायची. तो सरकारच्या वतीनं उत्तरं द्यायचा. संध्याकाळी कडुलिंबाखाली त्याचे मित्र चहा करत बसतात. तीन फेऱ्या होईपर्यंत आमचा चहा संपत नाही आणि वादही संपत नाही. तिथे तो सांगायचा की आधीच्यांनी तिजोरी रिकामी करून ठेवली, जरा दम धरा. पहिल्या वर्षी सगळे माना डोलवायचे. मग त्याचा लहानपणापासूनचा मित्र येरो एक दिवस म्हणाला की तू आमच्यात चहाला येतोस की सरकारतर्फे येतोस, ते एकदा सांगून टाक. सगळे हसले, पण येरो हसला नाही. पुढे येरोनं आपली जकार्ता विकली आणि तो सीमेपलीकडे नुआकशॉटला गवंड्याच्या हाताखाली कामाला निघून गेला. त्याच्याकडेही पदवी होती. तो गेल्यावर बिरानची उत्तरं आखूड व्हायला लागली. 'दम धरा'चं 'बघू' झालं, आणि मग तो चहा ओतायचं काम स्वतःकडे घेऊन गप्पच बसायला लागला.

त्याच सुमारास जेनाबा पोराला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेली. नर्सनं 'वागान' पुकारलं आणि या वेळी जेनाबा एकटीच उठली. तिला मागच्या वेळच्या दोघीतिघी तिथे ओळखू आल्या. त्या खाली बघत होत्या. शेजारची हळूच म्हणाली, "आम्ही आता घरी आमच्याला नुसतं 'पापा' म्हणतो." हे जेनाबानं मला सांगितलं, बिरानला सांगितलं नाही. मी दही गाळत होते. खरं सांगते, मला वाईटही वाटलं आणि आत कुठेतरी बरंही वाटलं.

मग मोटारसायकलींसाठी नवे नियम निघाले. नवा कागद हवा, आणि तो कागद देणाऱ्या खिडकीवर रोज उद्या या म्हणायचे. बिरानची जकार्ता पोलिसांनी चौकात धरली आणि टेम्पोत चढवून नेली. त्याच्यासारख्या आणखी बऱ्याच पोरांच्या नेल्या. बिराननं पोलिसाला सांगून बघितलं की अहो, हे सरकार आम्ही आणलंय. पोलीस बिचारा त्याच्याच वयाचा होता. तो म्हणाला, "सगळ्यांनीच आणलंय बाबा. मी पण."

भर उन्हात बिरान चालत घरी आला. लातिरच्या दुकानात पोरगं शिवणयंत्राशेजारी कापडाच्या ढिगावर बसलं होतं, रोजच बसायचं. बातमी गल्लीत आधीच पोचली होती. लातिरनं मान लववून पोराला विचारलं की राष्ट्राध्यक्ष महाराज, बापाची गाडी तुम्हीच उचलून नेलीत, आता माझ्या या गरीब गुलामाला घरी कोण सोडणार?

दुसरा कुठलाही दिवस असता तर बिराननं तोडीस तोड उत्तर दिलं असतं. त्या दिवशी त्यानं पोराला ढिगावरून ओढून घेतलं. "पुरे," तो म्हणाला. "माझ्या मुलाचा तमाशा पुरे झाला. तुमचं नाव तुमच्याकडे ठेवा."

मी समोरच उभी होते. लातिरचे ओठ चेष्टेसाठी उघडलेले होते ते तसेच राहिले. गल्लीत कुणाला काय करावं ते सुचेना. चेष्टेच्या सोयऱ्यावर कुणी रागावतच नाही, त्यामुळे रागावलं तर पुढे काय करायचं, ते आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही. लातिरनं गळ्यातली मापाची पट्टी काढून ठेवली आणि दुकानाचं अर्धं दार ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे दही मागायला आला नाही.

बिरान आला. ओट्याजवळ उकिडवा बसून म्हणाला, "आत्या, नाव बदलायचं. हमादी ठेवायचं. तुला इमामसाहेबांशी बोलावं लागेल."

मला इतका आनंद झाला की मी हातातला वाडगा खाली ठेवला. शेवटी माझ्या भावाचं नाव घरात येणार होतं. जेनाबा दारात उभी होती. ती माझ्यासमोर कधी वर तोंड करून बोलत नाही. ती म्हणाली, "आत्याबाई, याला जरा विचारा. राष्ट्राध्यक्ष आवडेनासा झालाय की मुलगा?"

 मी तिला म्हटलं की पोराला आंघोळ घाल, आणि तिचं बोलणं ऐकलंच नाही असं दाखवलं.

इमामसाहेबांनी ऐकून घेतलं. ज्यांचं नाव द्यायचं त्यांना आधी विचारा, त्यांची इच्छा असेल तर शुक्रवारच्या नमाजानंतर करू, म्हणाले. मी म्हटलं, त्याची इच्छा मी जन्मापासून ओळखते. शुक्रवारी मी पुन्हा बाजरीची लापशी केली. बोकडाची ऐपत नव्हती, पण दही मी सगळ्यात दाट काढलं. पोराला स्वच्छ कपडे घातले. हमादी अंगणात आंब्याखाली चटईवर बसला होता. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्याची तीच जागा. बिरान त्याच्यासमोर बसला, मी जवळच ठाण मांडलं, पोरगं मधे.

"बाबा," बिरान म्हणाला, "आठव्या दिवशी माझं चुकलं. याला तुमचं नाव देतो."

"का?" हमादीनं विचारलं.

"त्यानं आम्हाला फसवलं."

"सगळ्यात?"

बिरान थांबला. पोरगा प्रामाणिक आहे, तीच त्याची अडचण. तो म्हणाला की सगळ्यात नाही, चोरी केलेल्या काहींना आत टाकलं, तांदूळ थोडा उतरला, आता पोलीस पूर्वीसारखे घरात घुसत नाहीत. "पण येरो गेला. आणि माझ्या गाडीचं काय? मी त्याला मत दिलं ते उन्हात चालत घरी यायला?"

हमादीनं पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. "उद्या तू म्हणशील घर विकून बोटीनं स्पेनला जातो. मी नाही म्हणेन. मग माझंही नाव काढणार? या बिचाऱ्याचं दर दोन वर्षांनी बारसं करत बसायचं का?"

मी मधे पडले. म्हटलं, "दादा, पोरगं चूक सुधारतंय, आणि तू खोडा घालतोस? तुला वाईट वाटलं होतं. मी बघितलंय."

"वाटलं होतं," हमादी म्हणाला. "खोटं कशाला बोलू. लापशी घशाखाली उतरत नव्हती." मग तो बिरानकडे वळला. "पण मी त्या दिवशी तुझा चेहरा बघत होतो. तसा तुला आधी कधी बघितला नव्हता, नंतरही नाही. त्या चेहऱ्यानं या पोराला नाव दिलं. आज हा असा चेहरा घेऊन तू माझं नाव देणार? मला नको."

बिराननं मान खाली घातली. हमादी कधी एवढं बोलत नाही, पण त्या दिवशी तो थांबला नाही.

"मी दोन राष्ट्राध्यक्षांसाठी नाचलोय," तो म्हणाला. "रेल्वेच्या यार्डात, डब्याच्या टपावर चढून. तुझी आई खालून ओरडायची, पडाल म्हणून. पुढे त्या दोघांचा मला राग आला, चिकार आला. पण नाचल्याचा कधी पस्तावा झाला नाही. तुझी चूक नाव देण्यात नाही. नाव कशाला देतात?"

बिरान चटईची काडी ओढत बसला.

"हाक मारायला," हमादी म्हणाला. "तू मारलीस? तू नाव दिलंस आणि दाराकडे डोळे लावून बसलास, तो काही घेऊन येईल म्हणून. ज्याचं नाव ठेवलं तो घरचा झाला. घरच्या माणसानं शब्द पाळला नाही तर आपण त्याच्या दारात जाऊन हाक मारतो. आपल्या पोराचं नाव खोडत बसत नाही." मग म्हणाला, "आणि आधी लातिरकडे जा. मला त्याच्याशिवाय करमत नाही."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि रडले. एवढी लापशी केली होती. हमादीचा मला इतका राग आला होता की त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटत होता, आणि माझा भाऊ असा आहे या आनंदानं रडूही आवरत नव्हतं. जेनाबा आत आली, काही न बोलता तिनं लापशीचा मोठा वाडगा भरला, वर दही घातलं आणि तो बिरानच्या हातात नेऊन दिला.

बिरान वाडगा घेऊन लातिरच्या अर्ध्या दारात उभा राहिला. गल्लीतल्या सगळ्यांना अचानक त्याच बाजूला काम निघालं होतं. मलाही निघालं.

"मालक," बिरान म्हणाला.

आमच्या घरातल्या कुणीही, सात पिढ्यांत, सेरेर माणसाला हा शब्द वापरलेला नाही. लातिरनं यंत्र थांबवलं. चष्म्यावरून त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

"गुलामांना रागवायची परवानगी कुणी दिली?" त्यानं विचारलं. मग वाडगा घेतला, एक घास खाल्ला आणि साखर कमी आहे म्हणाला. ती कमी नव्हती. दंड म्हणून बिराननं त्याला महिनाभर फुकट बाजारात सोडायचं ठरलं. बिरान म्हणाला की त्यासाठी आधी गाडी सोडवून आणावी लागेल. "मग जाऊ की," लातिर म्हणाला. "माझा गुलाम माझ्या सेरेर भावाला जाब विचारणार, मी घरी बसून काय करू?"

सोमवारी सकाळी ज्यांच्या ज्यांच्या जकार्ता नेल्या होत्या ती सगळी पोरं गव्हर्नरच्या कचेरीवर चालत निघाली; आमच्या शहरात सरकारचं दार तेच. दगड घ्यायचा नाही, टायर जाळायचं नाही, हे बिराननं सगळ्यांना बजावलं होतं. पोराला त्यानं खांद्यावर घेतलं होतं. जेनाबा होती, लातिर होता, राकी विजेचं बिल घेऊन आली होती. हमादी एवढं चालू शकत नाही म्हणून त्यानं मला पाठवलं. त्यानं पाठवलं नसतं तरी मी गेलेच असते.

फाटक बंद होतं. पहारेकरी हाताची घडी घालून उभे होते. आम्ही बराच वेळ नुसते उभे राहिलो, कारण पुढे काय करायचं ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. मग मागून एका पोरानं हाक मारली, "वागान!"

निकालाच्या रात्री हेच नाव ह्याच रस्त्यावर घुमलं होतं, तेव्हा टाळ्या होत्या, ताशे होते. आता पोरं नुसतं नाव घेत होती, थांबत होती, आणि पुन्हा घेत होती. घरात माणूस आहे हे माहीत असताना बाहेरून हाक मारावी, तशी. बिरानही मारत होता. त्याच्या आवाजात राग होता, पण नुसता राग असता तर माझ्या अंगावर काटा आला नसता. वरच्या मजल्यावर एक खिडकी उघडली. एक साहेब बाहेर डोकावला आणि आत गेला.

"वागान!" सगळ्यांनी मिळून हाक मारली आणि थांबले.

त्या शांततेत बिरानच्या खांद्यावरून, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, पोरानं हात उंच केला आणि म्हणालं, "ओ."

पुढच्या रांगेतली पोरं चमकून मागे वळली. मागच्यांना काही कळलं नाही, त्यांनी पुन्हा हाक मारली. पोरगं पुन्हा म्हणालं, "ओ," या वेळी जरा वैतागून, एकदा दिली ना ओ, कळत कसं नाही तुम्हाला, अशा सुरात. मग हसू फुटलं ते मागपर्यंत पसरत गेलं. घडी घातलेल्या हातांमागे एक पहारेकरी हसत होता. राकी डोळे पुसत होती. लातिर म्हणाला, "चला, एकानं तरी ओ दिली. आता दुसऱ्याची वाट बघू," आणि तिथेच फाटकासमोर रस्त्यात बसला. त्याचं बघून सगळे बसले.

बिराननं पोराला खांद्यावरून उतरवलं आणि छातीशी घट्ट धरलं. त्याचा चेहरा मला दिसत होता. निकालाच्या आठवड्यातला तो चेहरा नव्हता, तो काही परत यायचा नाही. पण हाही मला आवडला.

"तुला नाही रे बोलावत," तो पोराला म्हणाला. "तू आहेसच."

मग त्यानं मान वर केली आणि खिडकीकडे बघून पुन्हा हाक मारली.